उजव्या हाताला तळं

मला आवडणारी शहरं बरीच आहेत. फक्त ती सगळी मी मागच्या दाराने पाहिली आहेत.

लोक एखाद्या शहरात जातात तेव्हा बायकोला कारंज्यासमोर उभी करून फोटो काढतात. मी आणि मामा जातो ते थेट इस्पितळाच्या मागे, जिथे धुलाईखान्याची वाफ आणि शवागाराचं दार शेजारी शेजारी असतं. शववाहिनीचा धंदा आहे आमचा. परगावी मेलेला माणूस त्याच्या घरी पोचवायचा. मामा गाडी चालवतो. मी पेटी थंड ठेवणारं यंत्र सांभाळतो आणि नातेवाइकांशी बोलतो. माझा चेहरा जन्मापासून हलत नाही, म्हणून घरात मला ढिम्म म्हणतात. मामाच्या मते या धंद्यात असा चेहरा म्हणजे भांडवल.

तर आवडती शहरं. एक बंदराचं शहर आहे, तिथला पहारेकरी मला ‘या, बसा’ म्हणतो. इतर ठिकाणी हा मान फक्त पेटीतल्याला. एका डोंगरावरच्या शहरातून आम्ही एकदा चुकीची म्हातारी घेऊन निघालो होतो. ती परत करायला वळलो तेव्हा घाटातून सगळं शहर उन्हात पसरलेलं दिसलं. त्या म्हातारीचे उपकार मी विसरणार नाही.

मामाची एक रीत आहे. गाडी सुरू करण्याआधी तो नातेवाइकांना विचारतो, “यांना कुठलं शहर आवडायचं?” ते थोडी वाकडी वाट करून लागत असेल तर गाडी त्या शहरातून काढायची. शहर आलं की मामा मागच्याला मोठ्याने सांगत जातो, “डाव्या हाताला पूल आला बरं का. समोर शाळा सुटलीय, पोरं बघा कशी उधळलीत.” पेटीला खिडकी नसते, असं त्याचं म्हणणं.

मी एकदा म्हटलं, “मामा, त्यांना ऐकू येत नाही.”

“तुझी आई तरी माझं कुठे ऐकते? म्हणून मी बोलायचं थांबलोय का?”

त्या दिवशीचे गृहस्थ सरकारी तपासनीस होते. दुकानांतले वजनकाटे तपासून शिक्का मारणारे. हृदयाच्या इलाजासाठी मोठ्या शहरात आणले आणि तिथेच गेले. बरोबर फक्त त्यांची बायको. आम्ही तिला काकू म्हणायला लागलो, म्हणजे मी काकू आणि मामा ताई. मुलगे घरी, माणसं जमवून बसलेले. संध्याकाळपर्यंत पोचायचं ठरलं होतं.

मामाने विचारलं, “ताई, यांना कुठलं शहर आवडायचं?”

काकूंना विचार करावा लागला नाही. “तळ्याचं. दरवर्षी कामाला जायचे. निवृत्त झाल्यावरही जायचे, हवापालट म्हणून. घरी आले की आठवडाभर त्याच शहराचं कौतुक. तिथली हवा, तिथलं पाणी, तिथली माणसं.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मला कुठे नेतात? ‘तिथे तुझ्यासारखीला बघण्यासारखं काही नाही’ म्हणायचे.” मग त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. “न्या भाऊ, त्याच वाटेने न्या. माझ्या घरात काय नव्हतं आणि तिथे काय होतं, ते मला एकदा बघायचंय.”

गाडीत पुढे तिघे बसतात. काकू मधे. वाटेत त्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. माणूस घुमा. जेवताना फक्त मीठ कमी की जास्त तेवढं सांगायचा, तेही ताटाला. घरातल्या घड्याळालाही त्याच्यासमोर टिकटिक करायची भीती वाटायची.

“बाईच असणार,” काकू म्हणाल्या. “दुसरं काय असतं शहरात?”

मामा म्हणाला, “ताई, माणसाला नुसती हवासुद्धा आवडते.”

“भाऊ, हवेसाठी कुणी दरवर्षी नवा सदरा शिवत नाही.”

थोरल्याचा फोन आला. काकू म्हणाल्या, “येतोय, जरा वळसा आहे.” त्याने विचारलं, “मयताला कसला वळसा?” काकूंनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं की रस्ता खणलाय. रस्ता नेहमीच कुठेतरी खणलेला असतो, त्यामुळे याला खोटं म्हणता येत नाही.

दुपारी तळ्याचं शहर आलं. मामाने काच खाली केली. “हं, आलं तुमचं शहर. उजव्या हाताला तळं. पाणी भरपूर आहे. डाव्या हाताला बाजार, तराजू सगळे तुमच्या शिक्क्याचे असतील.” शहर साधंच होतं. बुटकी दुकानं, काठावर लाकडी बाकडी, बांधलेल्या चार-दोन नावा. मी तर त्याला आवडत्या यादीत घेतलंच नसतं.

नवरा उतरायचा ती लॉज काठावरच होती. काकूंना नाव पाठ होतं. मामा गाडीपाशी थांबला आणि मी काकूंबरोबर आत गेलो. चेहरा घेऊन.

लॉजवाला म्हातारा होता. काकूंनी नवऱ्याचं वर्णन केलं आणि ते गेल्याचं सांगितलं. तो मटकन खुर्चीत बसला. डोळे पुसले. मग काकूंकडे नीट बघून म्हणाला, “तुम्ही त्यांच्या बहीण. नाकावरून कळलं मला.”

तपासनिसांचं नाक मी सकाळीच पाहिलं होतं. ते नाक होतं. काकूंचं म्हणजे नुसता प्रयत्न होता.

“सुटले एकदाचे,” लॉजवाला म्हणाला. “वहिनी गेल्यापासून त्यांना होतं तरी कोण?”

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “नेमक्या कशाने गेल्या? मी लांब असते. मला कुणी धड कळवलं नाही.”

“तापाने. ऐन तारुण्यात. पण काय बाई असेल हो. दरवर्षी हे इथे याच खुर्चीत बसून तिच्याबद्दल सांगायचे आणि आम्ही सगळे ऐकत बसायचो. कपडे वाळत घालताना शीळ घालायची म्हणे. रस्ता ओलांडताना यांची बाही धरायची, हात नाही, बाही. सांगताना हसायचे, हसता हसता रडायचे. असा बोलका माणूस मी दुसरा पाहिला नाही.”

मामाची हाक उचलून काकूंनी मला विचारलं, “ढिम्म, हे कुणाबद्दल बोलतायत रे?”

मी म्हटलं, “तुमच्या वहिनींबद्दल.”

पुढे सलूनवाल्याकडे गेलो. त्याच्या मते वहिनी जिन्यावरून पडून गेल्या. तपासनिसांनी हे दाढी करून घेता घेता सांगितलं होतं आणि वस्तरा थांबवावा लागला होता. नाववाल्याच्या मते त्या वीज पडून गेल्या. “साहेब दोघांची नाव घ्यायचे,” तो म्हणाला, “समोरची फळी रिकामी ठेवायचे आणि तिच्याशी गप्पा. मी आपला वल्हं मारतोय. मधेच म्हणायचे, जरा डावीकडे घे, तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय.”

काकू काठावरच्या बाकड्यावर बसल्या. मामाही आला. मी त्याला सगळं थोडक्यात सांगितलं, तर त्याने टोपी काढली आणि परत घातली. ती कुणासाठी काढायची हे त्याला बहुतेक ठरवता आलं नाही.

“किती वेळा मेले रे मी?” काकूंनी विचारलं.

“आत्तापर्यंत तीनदा, काकू. पण अजून बाजार राहिलाय.”

मामाने मला कोपर मारलं. काकू मात्र हसल्या, अगदी थोड्या. मग पाण्याकडे वळल्या.

“मी अजूनही शीळ घालते,” त्या म्हणाल्या. “मी शीळ घातली की हे उठून खिडकी लावून घ्यायचे. मला वाटायचं, राग येतो.”

मामा म्हणाला, “लाजत असतील, ताई.”

“तुम्ही गाडी चालवा, भाऊ. वकिली करू नका.” मग म्हणाल्या, “बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. आता माझ्याच झिंज्या मी कशा धरू? जन्मभर समोर वाढत होते की मी यांना. मान वर करून एक वाक्य बोलले असते तर काय काटा चुकणार होता? मला मारल्याशिवाय यांना माझ्यावर माया करता आली नाही.”

यंत्राची बॅटरी उतरायला लागली होती. मी तसं सांगितलं. मेलेला माणूस थांबतो, पण फार नाही.

तेवढ्यात थोरल्याचा फोन. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. “आई, सगळे ताटकळलेत. अजून किती?”

काकू म्हणाल्या, “तुला बाबा कधी हसलेले आठवतात?”

“आई, हा काय प्रश्न झाला?”

“आठवतात का ते सांग.”

पलीकडे माणसांची कुजबुज. मग तो म्हणाला, “नाही.”

“धाकट्याला विचार.”

“त्यालाही नाही आठवत. आई, झालंय काय?”

“मग इथेच करते त्यांचं. इथे त्यांना ओळखणारी माणसं आहेत. तिकडे आणून काय, तुम्ही अनोळखी माणसाला खांदा देणार.”

थोरला ओरडायला लागला. लोक काय म्हणतील, काका काय म्हणतील, आम्ही मुलगे असून. काकूंनी फोन बंद केला आणि माझ्या हातात दिला. “पेटीत ठेव. थंड होऊ दे त्याला.”

शवदाहिनी बाजाराच्या मागे होती. तिथल्या माणसाने कागद मागितले आणि विचारलं, “आपण कोण?”

“बहीण,” काकू म्हणाल्या.

कागदावर पत्नी लिहिलेलं होतं. त्याने कागद पाहिला, काकूंना पाहिलं, परत कागद पाहिला.

“वाचून झालं?” काकूंनी विचारलं. त्याने मुकाट्याने दार उघडलं.

शहरातली बरीच माणसं आली. लॉजवाला, सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट, नाववाला, तराजूवाले दुकानदार. इतकी रडणारी माणसं मी या धंद्यात क्वचित पाहिलीत. आमच्याकडे लोक सहसा गाडी कुठे लावायची यावर बोलतात. लॉजवाला हात जोडून म्हणाला, “जा बाबा. वहिनी वाट बघत असतील. कधीची एकटी आहे बिचारी.”

सगळ्यांनी माना हलवल्या. काकूंनीही हलवली. एकटी आहे हे त्यांना पटलं असावं.

तेव्हा माझा चेहरा हलला. हसायला की रडायला, ते मला अजून कळलेलं नाही. मामाने दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि म्हणाला, “यंत्र बंद करून ये.”

परत निघताना काकू पुढे बसल्या नाहीत. मागे जाऊन रिकाम्या पेटीशेजारच्या फळीवर बसल्या. मागे खिडकी नसते. मी म्हटलं, “काकू, गुदमरेल.” त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं.

घरी दोन मुलगे आणि अख्खी भावकी वाट बघत होती, आणि आम्ही त्यांच्याकडे नुसती पेटी नेत होतो. मामाने गाडी काठावर घेतली. सवयीने काच खाली केली, सवयीने घसा साफ केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने काच वर घ्यायला हात घातला.

मागून काकूंचा आवाज आला.

“थांबलात का, भाऊ? सांगा की. मी ऐकतेय.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं.

“डाव्या हाताला तळं,” मामा म्हणाला. येताना उजव्या हाताला होतं. “पाणी भरपूर आहे. एक नाव आत गेलीय.”

“कोण आहे त्यात?”

मामाने वाकून बघितलं. “नाववाला आहे, ताई. समोरची फळी रिकामी आहे.”

मागून शीळ ऐकू आली. मामाने काच वर घेतली नाही.