नाल्यापलीकडचा रस्ता

नरहरपंतांनी छडीचं टोक भिंतीवरच्या ओल्या रंगाला टेकवलं.

“हे काय काढलंस?”

“रस्ता,” शिडीवरून न उतरता देवराव म्हणाला.

ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत गावाचं चित्र काढायचं काम त्याला मिळालं होतं; पाट्या रंगवणारा दुसरा कुणी आसपास नव्हता. कापसाची शेतं, देऊळ, चावडी, सगळं सरपंच नरहरपंतांना पसंत होतं. पण चावडीपासून निघालेला पिवळसर रस्ता नाला ओलांडून थेट बौद्ध वस्तीत जात होता.

“तिथं रस्ता नाही.”

“होता. मी त्याच रस्त्यानं शाळेत आलो.”

छप्पन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. त्याच महिन्यात पंतांनी आपल्या शेतातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर काटेरी तार ठोकली. गेल्या साली देवरावची बायको पंचफुला बाळंतपणात अडली, तेव्हा तिला खाटेवरून दोन कोसांच्या वळशानं दवाखान्यात न्यावं लागलं. मूल वाटेतच दगावलं.

“चित्रात रस्ता लागते,” देवराव म्हणाला. “त्याच्याबिगर पाहणाऱ्याची नजर आत जात नाही.”

“तुमच्या वस्तीत कुणाची नजर जायचं कारण नाही. पूस.”

देवरावनं फडकं घेतलं. नाल्यापलीकडचा रस्ता पुसला. अलीकडचा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला महागावहून गटविकास अधिकारी आले. हारतुरे झाल्यावर ते चित्रासमोर थांबले.

“रस्ता मध्येच का तुटला?”

पंतांनी घसा खाकरला.

“चित्र थोडं राहिलंय, साहेब. पिवळा रंग संपला होता.”

“म्हणजे रस्ता पुढं आहे?”

“आहे ना.”

आपलं सामान न्यायला आलेला देवराव दाराशी उभा होता. साहेबांनी त्याच्या हातातला पिवळ्या रंगाचा डबा पाहिला.

“रंग तर दिसतोय. पुरा करून टाका.”

देवरावनं पंतांकडे पाहिलं. पंत खिडकीबाहेर बघत होते. त्यानं ब्रश बुडवला आणि रस्ता वस्तीतल्या पहिल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“तासभर हाताशी आहे. चला सरपंच, ती वस्ती बघून येऊ. याच रस्त्यानं.”

नरहरपंतांचा हात खुर्चीच्या पाठीवरून निघेना. वाट दाखवायला देवराव पायऱ्या उतरला होता.