चोरस्विच

दसऱ्याच्या सकाळी मंडळाची रुग्णवाहिका सुरू झाली नाही, म्हणून वसंत करड्यांना रिक्षातून न्यावं लागलं. दारूवाला पुलाच्या अलीकडेच ते वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे अध्यक्ष बाळ वडके यांनी नाना पेठेतल्या कासिम मिस्त्रींना बोलावून घेतलं. गाडी का सुरू झाली नाही ते सगळ्यांसमोर तपासा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सगळ्यांसमोर, हा आग्रह वसंतरावांच्या मुलीचा, भाग्यश्रीचा होता.

तपासण्याआधीच आळीत निकाल लागला होता. ड्रायव्हर बद्रीनाथने टाकीतलं डिझेल काढून विकलं, असं आदल्या दिवशी स्मशानातच कुणीतरी बोललं आणि संध्याकाळपर्यंत ते कसबा पेठेत सगळ्यांना माहीत झालं. बद्रीनाथ वाशीमकडचा. मंडळाच्या कार्यालयामागच्या खोलीत एकटा राहायचा. गाडी गेली की खोलीही जाणार होती, आणि डिझेलचोर म्हणून नाव झालेल्या ड्रायव्हरला पुण्यातलं दुसरं कुठलं मंडळ उभं करणार नव्हतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो सकाळपासून गाडीच्या दारापाशी उभा होता. चहासुद्धा त्याने घेतला नव्हता.

गाडी जुनी डिझेल व्हॅन. मंडळाने ती आधीच जुनी असताना घेतली होती. खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार अजून बॉनेटवर होता. कडा काळ्या पडल्या होत्या. पुढच्या काचेवरचं हळदीकुंकवाचं स्वस्तिक मात्र तसंच होतं.

कासिम मिस्त्री स्कूटरवरून उतरले, पिशवी खाली ठेवली आणि गाडीकडे न जाता आधी जिन्यापाशी गेले. तिथे वसंतरावांची पत्नी इंदुबाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी भाग्यश्री उभी होती.

"वहिनी, माझं लग्नातलं तांब्याचं भांडं वसंतभाऊंनी ठोकून दिलेलं आहे," कासिम म्हणाले. "अजून पाणी त्यातच भरतो."

इंदुबाईंनी मान हलवली.

"मिस्त्री, तुम्ही आधी डिझेल बघा," भाग्यश्री म्हणाली. ती खराडीला एका कंपनीत होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती, पण आवाज चढलेला नव्हता. "बाकीचं नंतर. टँक रिकामी असेल तर पुढे काही बघायचीच गरज नाही."

"बघतो ना, ताई."

समोरच्या खिडकीतून सोजरबाई म्हणाल्या, "धुवायला मात्र गाडी रोज बाहेर निघायची हो. रोगी आला की हिलाच ताप येतो."

दोघं-तिघं हसले आणि इंदुबाईंकडे बघून गप्प झाले.

कासिमनी टाकीचं झाकण उघडलं, एक तार आत सोडली आणि बाहेर काढून बाळ वडक्यांना दाखवली. अर्ध्याच्या वरपर्यंत ओली होती. त्यांनी ती भाग्यश्रीलाही दाखवली.

"अर्धी टाकी आहे. डिझेल कुणी काढलेलं नाही."

बाळ वडके म्हणाले, "चला, एक संपलं." बद्रीनाथने पहिल्यांदाच श्वास सोडल्यासारखं केलं. पण भाग्यश्री त्याच्याकडेच बघत होती.

"मग का नाही सुरू झाली? आम्ही कोपऱ्यापर्यंत ढकलली गाडी. बाबा आत स्ट्रेचरवर होते. ते मला विचारत होते, निघालो का? मी सांगत होते, निघालो. डिझेल नाही तर बॅटरी. बॅटरी नाही तर अजून काही. रोज गाडी बघायची हेच ना ह्यांचं काम?"

कासिम बद्रीनाथला म्हणाले, "बस आत. सेल्फ मार."

बद्रीनाथ बसला आणि किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला. म्हणजे बॅटरी ठीक होती. कासिम मागे सायलेन्सरपाशी बसले होते. त्यांनी पुन्हा फिरवायला सांगितलं, मग पुन्हा. सायलेन्सरमधून धूर येत नव्हता. पांढरा नाही, काळाही नाही.

"इंजिनाला डिझेल मिळतच नाहीये," ते उठत म्हणाले. "मिळून जळत नसतं, तर धूर आला असता."

"टाकीत तर आहे म्हणालात," बाळ वडके म्हणाले.

"टाकीत आहे. पोटात गेलेलं नाही. मधे कुठेतरी अडलंय."

त्यांनी बॉनेट उघडलं. हार काढून बाजूच्या ओट्यावर ठेवला. डिझेलच्या पाइपात हवा धरली असेल, तर फिल्टरचा बोल्ट सैल केल्यावर फेस येतो. त्यांनी बोल्ट सैल करून हातपंप दाबला. स्वच्छ डिझेल आलं. मग त्यांनी इंजिनाकडे जाणारा एक पाइप सैल केला आणि बद्रीनाथला सेल्फ मारायला सांगितलं. पाइप कोरडाच राहिला.

"इथपर्यंत येतं," त्यांनी इंजिनाच्या डिझेल पंपाच्या एका बाजूला बोट ठेवलं. "इथून पुढे जात नाही. एक तर पंप गेला, नाहीतर पंपाचं दार बंद आहे."

"दार?" भाग्यश्री जवळ आली होती.

"हे बघा, ताई. पंपावर हे छोटं आहे ना, ह्याला करंट मिळाला की डिझेलची वाट उघडते. किल्ली काढली की करंट जातो, वाट बंद होते, गाडी बंद पडते. बद्री, किल्ली नुसती लाव. सेल्फ नको."

किल्ली लागल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

"टक असं वाजायला पाहिजे," कासिम म्हणाले. त्यांनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, त्याची तार त्या भागाला लावून बघितली. दिवा लागला नाही. मग त्यांनी बॅटरीवरून एक वायर सरळ त्या भागाला टेकवली. टक असा आवाज झाला. "मार आता सेल्फ."

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

आळीत धूर पसरला. जिन्यावर इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला. धुरामुळे लावला की कशामुळे, ते कळलं नाही. इंजिन इतकं नीट चालत होतं की ते ऐकणं सगळ्यांनाच अवघड झालं. कासिमनी वायर काढली आणि ते बंद पडलं.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "किल्लीपासून इथपर्यंत करंट येत नाहीये, एवढंच. वायर तुटली असेल किंवा..." मग त्यांनी बद्रीनाथला विचारलं, "ही गाडी आधी दादामियाँ चालवायचे ना? चोरस्विच बसवलाय का?"

पूर्वी एकदा ही गाडी रस्त्यावरून चोरीला गेली होती आणि हडपसरच्या पुढे सापडली होती. त्यानंतर दादामियाँनी स्वतःच्या हाताने एक लपवलेलं बटण बसवलं होतं. ते बंद असलं की किल्ली लावूनही गाडी सुरू होत नाही. निवृत्त होताना त्यांनी ते फक्त बद्रीनाथला दाखवलं आणि कुणालाही, अध्यक्षालाही, सांगायचं नाही असं बजावलं. ज्या स्विचची चार जणांना माहिती, तो चोराला पण माहीत, असं ते म्हणायचे. बद्रीनाथने ते पाळलं होतं.

आता सगळी आळी त्याच्याकडे बघत होती.

"हाये जी," तो म्हणाला. "सीटखाली. पण तो चालूच हाये. मी तो बंद करतच नाही कधी. पेशंट आला तं कोण शोधत बसन?"

"बघितलास?"

"त्याच्यावर नारळ ठेवेल हाये, पूजेचा. मी काल हात घातला होता जी, गाडी सुरू होत नव्हती तवा. पयले तेच मनात आलं. हाताले नारळ लागला. नारळ जागेवर हाये म्हणजे तिथं कोणाचा हात गेलाच नाही. मग मी बॅटरीकडे गेलो."

"मी काय विचारलं? स्विच बघितलास का?"

बद्रीनाथने सीटकडे पाहिलं.

खंडेनवमीला मंडळाच्या गाडीची पूजा दरवर्षी वसंतराव करायचे. लिंबं चिरडून झाली, गाडी जागेवर आली, की लाल खणात बांधलेला नारळ गाडीत ठेवायचा. तो वर्षभर तिथेच. पुढच्या खंडेनवमीला नवा ठेवल्यावरच जुना हलवायचा, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. हा आळीचा रिवाज होता आणि बाहेरून आलेल्या बद्रीनाथने तो आळीपेक्षा कडक पाळला होता.

कासिमनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि विजेरीने सीटखाली पाहिलं. हात आत नेला. मग तो तसाच बाहेर काढला.

"बाळशेठ, नारळ देवाचा आहे. मी नाही काढत. तुमच्यापैकी कुणीतरी काढा."

बाळ वडक्यांनी इंदुबाईंकडे पाहिलं. "मला सुतक आहे," त्या म्हणाल्या. आडनाव वेगळं असलं, तरी वडके करड्यांच्या भावकीतलेच होते. त्यांनाही सुतक होतं. आसपासच्या लोकांपैकी कुणी पुढे झालं नाही. शेवटी बद्रीनाथच वाकला. त्याने नारळ ओढला. तो घट्ट बसला होता. दुसऱ्यांदा ओढल्यावर निघाला.

कासिमनी पुन्हा विजेरी मारली.

"ये, बघ," ते म्हणाले.

स्विचचा दांडा खाली दाबलेला होता. पूजेनंतर जागेवर आलेल्या चालू गाडीची किल्ली काढली, आणि मग कुणीतरी नारळ नीट बसावा म्हणून आत रेटला, तेव्हा तो दाबला गेला होता. त्यानंतर दसऱ्याच्या सकाळपर्यंत गाडीला कुणी हात लावला नव्हता. कासिमनी बोटाने दांडा वर केला. किल्ली लावली. टक वाजलं.

बाळ वडक्यांनीही आत वाकून पाहिलं. "नारळ तर दरवर्षी समोर असतो, डॅशबोर्डवर. सीटखाली कुणी ठेवला?"

बद्रीनाथला माहीत होतं. नारळ ठेवताना तो दार धरून उभा होता. तो हातातल्या लाल खणाकडे बघत राहिला.

"ते सोडा, बाळशेठ," तो म्हणाला. "स्विच बोटाच्या अंतरावर होता. पाहायचं काम माह्यं होतं."

"अरे, पण ठेवला कुणी?"

"मी ठेवला," भाग्यश्री म्हणाली.

ती गाडीपासून दोन पावलं मागे सरकली होती. "बाबांना जिना उतरवत नव्हता, म्हणून मला पाठवलं. ते म्हणाले, समोर ठेव. मागच्या वर्षी ब्रेक मारल्यावर तो घरंगळून खाली आला होता, बाबाच सांगत होते. मला वाटलं सीटखाली सेफ राहील. बसत नव्हता, म्हणून मी..." तिने हाताने रेटण्याची खूण केली आणि तो हात तसाच हवेत राहिला.

सोजरबाईंनी खिडकी लोटून घेतली.

"मला कुणी सांगितलं का नाही तिथे बटण आहे?" भाग्यश्री बद्रीनाथला म्हणाली. "तुम्ही बघत होतात ना? दार धरून उभे होतात. एक शब्द तरी बोलायचा."

"दादामियाँनं सांगतलं होतं कोणाले..." त्याने वाक्य सोडून दिलं. आज त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता.

ती कासिमकडे वळली. "मिस्त्री, गाडी सुरू झाली असती तर बाबा वाचले असते?"

कासिम हात पुसत होते. "ताई, इंजिनातलं मला कळतं. हे नाही कळत." मग ते म्हणाले, "रिक्षावाल्यानेही काही हळू नेलं नसेल."

हे दयेने म्हटलं होतं, पण त्यातून कुणाला काही मिळालं नाही.

बद्रीनाथने नारळ ओट्यावर हाराशेजारी ठेवला, किल्ली काढली आणि बाळ वडक्यांपुढे धरली. त्यांनी ती घेतली. बहुधा काहीतरी घ्यायचं म्हणून घेतली. डिझेलचोर नव्हता हे ठरलं होतं, पण आता त्याच्या गाडीत पेशंट कोण घालणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. "आता मी कमिटीशी बोलतो," ते म्हणाले. "तोवर तू जरा गावाकडे जाऊन ये."

"हाव जी," बद्रीनाथ म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

"कुठे जातोय तो?" इंदुबाईंनी विचारलं. सकाळपासून त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या. "उद्या अस्थी न्यायच्यात आळंदीला. आळीतल्या सगळ्यांच्या ह्याच गाडीतून गेल्या. ह्यांच्याही जातील. गाडी हाच चालवेल."

"वहिनी, दुसरा ड्रायव्हर बघतो ना मी."

"दुसरा कशाला? काय झालं ते ह्याला माहितीये आणि हिला माहितीये. तिसऱ्याला मी काय सांगत बसू?" त्या भिंतीला धरून उठल्या. "भाग्यश्री पुढे बसेल. ह्याच्या शेजारी."

"आई, मी नाही बसणार त्या गाडीत."

"बसशील."

त्या जिना चढून गेल्या. भाग्यश्री थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग तीही वर गेली. बाळ वडक्यांनी किल्ली बद्रीनाथच्या हातात परत ठेवली आणि त्याच्याकडे न बघता कार्यालयात शिरले.

कासिमनी स्विचच्या दोन्ही वायरी कापून एकमेकींना जोडल्या, वर टेप गुंडाळली. सुटा झालेला स्विच बद्रीनाथला दिला. "आता गाडीत लपलेलं काही नाही," ते म्हणाले. नारळाचं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. वर्ष न भरता बाहेर निघालेल्या नारळाचा रिवाज आळीत नव्हता. तो ओट्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाई अस्थींचं गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसल्या. भाग्यश्री पुढे बसली आणि काचेबाहेर बघू लागली. बद्रीनाथ दारापाशी उभा होता. तो खाली वाकला, सीटखाली हात घालून चारी कोपरे चाचपले. तिथे काही नव्हतं. त्याने पुन्हा एकदा हात फिरवला.

"चला आता," भाग्यश्री समोर बघतच म्हणाली.

तो बसला. किल्ली लावली. टक वाजलं, आणि ते दोघांनी ऐकलं.