तपासनीस क्रमांक सतरा

“हे तुमच्याकडचं का हो, मिस्टर पिम?”

लॅनियनबाईंनी पिशवीतून पुठ्ठ्याचं एक निळं खोकं काढलं आणि वॉल्टर पिमच्या टेबलावर ठेवलं. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं. वरची चिकटपट्टी इतकी सरळ कापलेली होती, की कापणाऱ्याचा जन्म लोकांच्या तोंडात धारदार वस्तू घालण्यात गेला असणार हे दिसत होतं. ह्यू लॅनियन दाताचे डॉक्टर होते. अलीकडे निवृत्त होते, आणि जूनमधल्या त्या रविवारपासून तेही नव्हते.

वॉल्टरने खोकं उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. बाजूला जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता, त्यात १७ हा आकडा.

“कुठे सापडलं?”

“गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे. पोलीस सगळं घेऊन गेले, हे राहिलं. उद्या चौकशीला न्यावं की नाही, कळेना. मुलगा म्हणाला, टाकून दे. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.”

“चहा ठेवू?” वॉल्टर म्हणाला.

बाईंनी नको म्हटलं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“मुलं म्हणतात, बाबांचा हट्ट नडला. चांगला ब्रेक त्यांनीच उघडून बिघडवला.” बाई त्या खोक्याकडे बघत होत्या. “असेलही. मला फक्त एवढं कळायला हवंय मिस्टर पिम, की ते मूर्खासारखे गेले का.”

वॉल्टरने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

“बघतो,” तो म्हणाला.

“राहू दे तुमच्याकडेच. तुम्हाला यातलं कळतं.” आणि बाई गेल्या.

त्याला यातलं कळत होतं, हे खरं. इंग्लंडमधल्या न्यूनीटनच्या त्या शेडमध्ये वॉल्टर तीस वर्षं जुन्या गाड्यांचे ब्रेक पुन्हा जिवंत करत होता. ऑस्ट्रेलियापासून लोक त्याला ब्रेकचे गंजलेले सिलिंडर पोस्टाने पाठवत. तो लेथवर सिलिंडर आतून कोरायचा, आतून पितळी अस्तर, म्हणजे लायनर, बसवायचा, नवी रबरी वाटी घालायचा आणि परत पाठवायचा. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलते ती ही वाटी. तिची कड फाटली, की पेडल सरळ जमिनीला टेकतं आणि पुढे उतार असेल तर उतार आपलं काम करतो. हिरव्या १९३८च्या गाडीतून लॅनियन टेकडीवरून खाली येत होते. उताराच्या शेवटी चर्चची भिंत होती. भिंतीचं फारसं नुकसान झालं नाही.

त्याआधीची चोवीस वर्षं वॉल्टर ब्रेकच्या कारखान्यात होता. तपासनीस क्रमांक सतरा. वाटी अंगठा आणि बोटात दाबायची, सोडायची, उजेडात फिरवायची, खोक्यात घालायची, शिक्का मारायचा. एक्याऐंशी साली कारखाना बंद झाला तेव्हा सगळा माल कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकलेला त्याने पाहिला आणि व्हॅनच्या तीन खेपा करून घरी आणला. त्याची बायको एडना दारात उभी राहून म्हणाली, “आपल्याकडे गाडी नाही आणि ब्रेक सहाशे.” एडना गेली. खोकी मागच्या खोलीत छतापर्यंत तशीच होती.

रबर खोक्यात पडून राहिलं तरी म्हातारं होतंच. फक्त चेहऱ्यावर दिसत नाही. म्हणून वॉल्टरचा एक नियम होता. गाड्यांची प्रदर्शनं भरवणाऱ्या हौशी लोकांना शेल्फवर मांडायला जुनी अस्सल खोकी लागत. ती तो विकायचा, पण देण्याआधी खोकं उघडून आतली वाटी कात्रीने दोन तुकडे करून द्यायचा. लोक कुरकुरत. वॉल्टर ऐकत नसे. सगळ्या वाट्या एकदमच कापून टाकायला मात्र त्याचा हात कधी धजला नव्हता.

एप्रिलमध्ये लॅनियन आले होते. त्याआधीच्या प्रदर्शनात त्यांचं पहिलं बक्षीस अर्ध्या गुणाने हुकलं होतं. एका नळीवरचा पट्टा अस्सल जुना नसून नवा निघाला. त्यांना खोकं हवं होतं, पण न उघडलेलं.

“शेल्फसाठीच ना?” वॉल्टरने विचारलं.

“शेल्फसाठीच.”

“मग उघडलेलं काय वाईट? परीक्षकाला आतलं थोडंच दिसणार आहे.”

“दाढेत भरलेलं सिमेंटही कुणाला दिसत नाही,” लॅनियन म्हणाले. “म्हणून मी तिथे काहीही कोंबायचो का? मला माहीत असतं ना आत काय आहे.”

इथेच वॉल्टरला कळायला हवं होतं. कळलंही. तेवढ्यात डॉक्टरांनी खोकं उजेडाकडे धरलं आणि विचारलं, “हा सतरा कोण?”

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“मी,” वॉल्टर म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू मोटारगाडीचा शोध त्यानेच लावला आहे. कात्री खिळ्याला होती. तिथेच राहिली.

“वापरू नका हां,” वॉल्टर म्हणाला.

“छे,” डॉक्टर म्हणाले.

बाई गेल्यावर शेजारच्या शेडमधला डेनिस आला. तो जुने हेडलाइट विकायचा आणि दुसऱ्यांच्या भानगडी फुकट सोडवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“उद्या काय विचारणार तुला? ही वाटी तू बसवलीस का. बसवलीस?”

“नाही. मी नवी बसवून दिली होती. त्यांनी ती काढली.”

“मग नाही म्हणायचं आणि घरी यायचं. खोटं कुठंय त्यात?”

“खोटं नाही.”

“झालं तर. आणि बोललास ना, जुन्या गाड्यांच्या क्लबच्या कारागिरांच्या यादीतून नाव उडालं म्हणून समज. त्या यादीशिवाय तुला सिलिंडर कोण पाठवणार लेका? सत्तराव्या वर्षी काय, कुत्री फिरवणार लोकांची?” डेनिसने शेगडीचं झाकण उघडलं. “टाक ते खोकं यात. मी बघत नाही.”

आणि तो बघत राहिला. वॉल्टरने झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, सर्दी झाली होती. पोलिसांच्या तज्ज्ञाने सांगितलं की लायनरचं काम उत्तम आहे, वाटीची कड मात्र फाटली आहे. रबर फार जुनं, कुठून आलं ते समजलं नाही. लॅनियनबाई पहिल्या रांगेत दोन मुलांच्या मध्ये बसल्या होत्या. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मिस्टर पिम, ही वाटी तुम्ही बसवली होती?”

“नाही, सर.”

मागे डेनिसने मान डोलावली.

“आभारी आहे. बसा.”

वॉल्टर बसला नाही. त्याने कोटाच्या खिशातून खोकं काढून समोर ठेवलं. “बसवली त्यांनी. पण दिली मी. न कापता.”

कॉरोनरने नाक पुसलं आणि खोकं फिरवून पाहिलं. “हा सतरा कोण?”

विचारणारा हा दुसरा माणूस.

“मी. बासष्ट साली तपासून पास केली होती.”

“तेव्हा ती चांगली होती?”

“तेव्हा चांगली होती.”

“वापरू नका, असं तुम्ही सांगितलं होतं?”

“सांगितलं. ते ऐकणार नाहीत हे मला कळलं होतं. तरी दिली.”

कॉरोनरने लिहून घेतलं. मग म्हणाला, की दोष कुणाचा हे ठरवणं या चौकशीचं काम नाही, मृत्यू अपघाती, मिस्टर पिम यांच्या मोकळेपणाबद्दल आभार. शिक्षा तर सोडाच, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. शिपायाने त्याला बाहेर जायचं दार दाखवलं आणि पायरी सांभाळा म्हणून सांगितलं.

बाहेर लॅनियनबाई थांबल्या होत्या.

“म्हणजे मूर्ख नव्हते ते.”

“नव्हते. हट्टी होते.”

“ते मला चाळीस वर्षं ठाऊक होतं.” त्यांनी हातमोजे घातले. “काल मी विचारलं तेव्हाच तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही म्हणालात, चहा ठेवू.”

त्या मुलांबरोबर गाडीकडे गेल्या. वॉल्टर पुढे केलेला हात कोटाच्या खिशात घालून उभा राहिला.

क्लबचं पत्र सोमवारी आलं. भाषा फार सभ्य होती. नाव तूर्त यादीतून काढलं आहे. त्याआधी शनिवारी गावच्या पेपरात बातमी आली होती, शिक्क्याच्या फोटोसकट, आणि नऊ वाजल्यापासून फोन वाजू लागला होता. वॉल्टरला वाटलं, शिव्या असणार. त्याने मन घट्ट करून उचलला.

“मिस्टर पिम? ती सतरा नंबरची खोकी... न उघडलेली आहेत का अजून एखाद-दोन? फक्त शेल्फवर ठेवायला हो.”

“नाहीत,” वॉल्टर म्हणाला.

दुपारपर्यंत असे अकरा आले. एक जण लीड्सहून निघालोच आहे म्हणाला. बाराव्याला वॉल्टरने उचललाच नाही. मागच्या खोलीत खुर्ची टाकून, खिळ्यावरची कात्री घेऊन तो बसला होता. खोकं उघडायचं, वाटी काढायची, मधोमध कापायची, बादलीत टाकायची. चोवीस वर्षं केलेलं काम उलट्या बाजूने करायचं, इतकंच. एकदा डेनिस दारात येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने दुसरी बादली आणून ठेवली आणि गेला.

भिंतीवरचा कागद दिसायला लागला. एडनाने निवडलेला, पिवळ्या फुलांचा. इतकी वर्षं झाकलेला असल्यामुळे रंग नव्यासारखा राहिला होता.

दिवस उतरला तेव्हा एकच खोकं उरलं. वॉल्टरने त्यातली वाटी अंगठा आणि बोटात दाबली, सोडली, खिडकीच्या उजेडात फिरवली. मऊ होती. दाबली की परत आकारात येत होती. कडेवर चरा नव्हता. आजही त्याने ती पास केली असती.

त्याने ती कापली.