प्रभुभोजनाच्या कापडाची इस्त्री

माझ्या तळाला, टोकापासून दोन बोटांवर, एक तपकिरी डाग आहे. वाटाण्यापेक्षा लहान. खळीचं कापड जास्त तापलं की खळ जळते आणि तळाला अशी चिकटून बसते. डाग घासून निघत नाही. कापडावर मात्र उमटतही नाही.

मित्रांनो, मी एक जुनी, जड, विजेची इस्त्री. जालन्याला साधनाबाईंच्या लग्नात त्यांच्या मावशीनं मला भेट म्हणून आणलं. पुढे त्यांच्या नवऱ्याची, दिनकररावांची, रेल्वेच्या नोकरीत बदली झाली आणि भांड्यांच्या पेटीत बसून मी जयपूरला आले. इथली हवा कोरडी. कपडे पटकन वाळतात आणि वाळलेली सुरकुती हट्टी होते. मला काम भरपूर मिळालं.

त्यातलं मानाचं काम शनिवारचं. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस ज्या मेजावर ठेवतात, त्यावर अंथरायचं पांढरं कापड साधनाबाईंकडे असे. त्यांनी ईश्वरी आणि स्वप्ना, दोन्ही मुलींना ते शिकवलं. "ओलसर असतानाच फिरव, उलट्या बाजूनं. ओढणी डोक्यावर घे. आणि कुणी केलं ते सांगत बसायचं नाही." इस्त्री झाली की त्याच टेबलावर मुलींची गणितं सुरू होत. मुली कष्टाळू झाल्या, मृदू झाल्या. चर्चमधल्या बायका त्यांचं उदाहरण देत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

ईश्वरी नर्स झाली. लग्नानंतर सासरच्यांनी सांगितलं, घर सांभाळ. तिनं सांभाळलं. तिच्या गणवेशाला मी शेवटची इस्त्री केली ती ट्रंकेत ठेवण्यासाठी. कडक घडी, आणि वर डांबराच्या गोळ्या.

मग घरात वाफेची हलकी इस्त्री आली. माझी वायर फाटली तर तिला चिकटपट्टी लागली. महिनोन्‌महिने मी पलंगाखाली धूळ खात असे. जाड कापडाला वजन हवं म्हणून फक्त शनिवारी माझी आठवण होई.

स्वप्ना जयपूरजवळच्या बस्सी गावी दूध केंद्राच्या प्रयोगशाळेत लागली. रोज पहाटेची बस धरायची. त्याच सुमारास चर्चमधल्या उत्तमरावांच्या पत्नी, प्रभावतीबाई, आपल्या मुलासाठी, नीरजसाठी, तिला मागणी घालून गेल्या. साधनाबाई म्हणाल्या, "प्रार्थना करून सांगते." पिकाचे आभार मानायचा हंगामाचा सण गेला, नाताळ गेला, ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, तरी उत्तर तेच. आमच्या लोकांत प्रार्थनेला कुणी उलट बोलत नाही. साधनाबाई त्या शब्दाआड लपल्या आणि प्रभावतीबाईंनी त्याचा अर्थ होकार असा धरला.

गेल्या शनिवारी साधनाबाईंनी मला चर्चमागच्या खोलीत आणलं होतं; स्वप्ना मला चालवत होती, त्या शेजारी उभ्या होत्या. प्रभावतीबाई आल्या.

"पास्टरजी उद्या चर्चमध्ये लग्नाची पहिली घोषणा वाचतील. मुलीकडचा होकार तेवढा आज सांगायचाय." त्यांनी कापडाची कड बोटानं चाचपली. "काय हात आहे! बस्सीला दूध मोजण्यात वाया चाललाय."

"मोजत नाही, काकू. तपासते," स्वप्ना म्हणाली.

"मतलब तेच की. आमच्या घरी ये, दोन लिटर रोज येतं. तपासत बस." त्या हसल्या. "ईश्वरीनं नाही का सोडली नोकरी? कुरकुर ऐकली कुणी?"

कुरकुर कशी ऐकू येणार? कामाचं नाव काढायचं नाही, हे त्या मुली लहानपणीच शिकल्या होत्या. दुःखाचंही नाव काढायचं नाही, हे त्यांनी त्यातूनच उचललं. स्वप्नानं आईकडे पाहिलं. आईनं कापडाकडे पाहिलं.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर पुसा, वायर सैल गुंडाळा, उभी ठेवा. एवढ्यावर मी खूप वर्षं चालेन. पण मी लोखंड आहे. मुलींना तापवून, राबवून, मुकाट्यानं कोपऱ्यात उभं करू नका. कष्ट शिकवा, मृदुपणा शिकवा, पण त्यांनी तोंड उघडलं की ऐका. मी हे फार उशिरा म्हणते आहे. ईश्वरीच्या ट्रंकेचं कुलूप आता गंजलंय.

स्वप्नानं मला बाजूला उभं केलं. साधनाबाईंनी कापडाची शेवटची घडी घातली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"प्रभावतीताई, प्रार्थना कधीच संपली होती. पोरीनं पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते. हे लग्न होणार नाही."