पडली की पळायचं

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी, पिवळी कॅसेट आहे. माझ्यावर ‘९९९९ गेम’ असं छापलंय. खरे चारच आहेत, बाकी तेच रंग बदलून. आणि मला सारखी भीती वाटते.

मकबूलभाईंनी मला उदगीरच्या बाजारातून किल्लारीला नेलं, धाकट्या बहिणीसाठी. तिनं माझ्या पाठीवर पेनानं ‘नाझनीन’ लिहिलं. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. नवव्या दिवशी मी ढिगाऱ्यात सापडले. पत्र्याच्या शेडमध्ये मकबूलभाईंनी मला फुंकर मारून गेमच्या डब्यात खुपसलं, आणि मी चालले! सगळे रडले. नाझनीन वाचली नव्हती. माझ्या वाचण्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

तेव्हापासून मकबूलभाईंच्या बायकोनं, जोहराभाभींनी, मला फळीवर पालथ्या ग्लासावर उभं केलं. जमीन हलली की मी पडणार, मी पडले की सगळे पळणार. पंचवीस वर्षं हीच नोकरी.

पुढे त्यांची मुलगी इकरा डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला आली. खोली चौथ्या मजल्यावर. भाभींचे पायच उचलेनात.

“वैनी, बिल्डिंग लई पक्की हाय,” घरमालक वैजनाथकाका म्हणाले.

“आमचंबी घर पक्कंच होतं, भाऊ.”

भाभींनी पिशवीतून ग्लास काढला, त्यावर मला उभं केलं. “इकरा, ही पडली की पळायचं. चप्पल शोधायची न्हाई. मग मी येऊन तुला घरी घेऊन जाते. क्लास गेला खड्ड्यात.”

आता सांगा, मी पडू कशी?

तिसऱ्या मजल्यावर क्लास आहे. एका दुपारी तो सुटला आणि दोनशे पोरं एकदम जिन्यावर धावली. ग्लास थरथरला. मी जीव खाऊन उभी राहिले. पण मला पायच नाहीत.

इकरा अनवाणी खाली पळाली. “काय झालं?” पोरांनी विचारलं. “कॅसेट पडली!” कसली कॅसेट, हे कुणीच विचारलं नाही. दोनशे पोरं, सर आणि वैजनाथकाका तासभर रस्त्यावर उभे राहिले. सरांच्या गळ्यात माइक तसाच होता.

शेवटी इकरा वर आली. तिनं मला उचललं, पाठीवरच्या नावावरची धूळ पुसली, ग्लासावर ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

“कॅसेट?” भाभींनी एवढंच विचारलं.

इकरानं मला बोटानं सरळ केलं.

“उभी हाय, अम्मी.”

मित्रांनो, जिना हळू उतरा.