संगमरवरी पोर्झियाचे अश्रू

"रडली! रडली! डावा डोळा बघा, डावा!"

चर्चच्या पायऱ्यांवरून आरोळी खाली आली आणि आमच्या पिएत्रास्कूरा गावाचा चौक ओस पडला. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं. गिऱ्हाईक तर त्याच्याही आधी पळालं होतं. मीही माझ्या औषधाच्या दुकानाचं दार ओढून घेतलं आणि वर गेलो.

चर्चच्या उजव्या अंगाला आल्तोमारे ड्यूकांचं दफनघर आहे. ड्यूक मंडळी केव्हाच रोमला निघून गेली, पण चारशे वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली त्यांची दोन्ना, म्हणजे बाईसाहेब, पोर्झिया आमचीच राहिली. भिंतीतल्या खोल कोनाड्यात ती कोपरावर रेलून, कुशीत बाळ घेऊन संगमरवरात पहुडलेली आहे. तिच्या झग्याच्या चुण्या इतक्या नाजूक कोरल्या आहेत की वाऱ्यानं हलतील असं वाटतं. गावातली प्रत्येक गरोदर बाई एकदा तरी तिच्या पावलाला हात लावून जाते. त्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्यातून खरंच पाणी ओघळत होतं.

शेजारी उभा होता गाउदेन्त्सिओ. तपकिरी झगा, कमरेला दोर, पायात वहाणा. कुठल्या मठाचा ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारे पाद्री एलीजिओ यांनी त्याला फुलं आणि मेणबत्त्या सांभाळायला ठेवून घेतला होता.

"भावांनो, बहिणींनो," तो कापसाच्या बोळ्यानं थेंब टिपत म्हणाला, "हे पाणी श्रद्धावंताला गोड लागतं. पापी माणसाला खारट!"

बोळा जिभेजिभेवर फिरला. सगळ्यांना गोड लागला. एक म्हातारा पुटपुटला, "मला तर नुसतं पाण्यासारखं..." बायकोनं कोपर मारलं तसा म्हणाला, "गोड! मधासारखं गोड!"

पंधरवड्यात बसगाड्या येऊ लागल्या. खानावळवाल्यानं अंगणात बाकं टाकली. मी पाद्रीबाबांना गाठलं.

"बाबा, दगड रडत नाही."

"मलाही तेच वाटतं, सावेरिओ," ते हळूच म्हणाले. "पण रिकाम्या चर्चमध्ये प्रार्थना म्हणून बघा एकदा. आता बाया दारापर्यंत उभ्या असतात. कुठल्या तोंडानं थांबवू?"

लोक भोळेपणानं मेणबत्त्या लावत होते, तोवर मीही गप्प बसलो असतो. पण एका सकाळी तेक्ला आली नाही.

तेक्ला दोनाताची मुलगी. वय अकरा, मधुमेह. बाप बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत. बाप्तिस्म्याला तिला हातांत धरणारा धर्मपिता मी, म्हणून दोनाता मला 'कोम्पारे' म्हणायची आणि पोर 'धर्मबाबा'. रोज शाळेआधी ती दुकानात यायची, बाही वर करायची, डोळे मिटायची, आणि मी इन्सुलिन टोचायचो. त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सुई घेऊन घरी गेलो. दोनातानं दार अर्धंच उघडलं.

"आता सुई नको, कोम्पारे. नऊ सकाळी ते अश्रू पाजायचे आहेत. मध्ये सुई टोचली तर दोन्ना पोर्झिया रुसेल, असं ब्रदर गाउदेन्त्सिओ म्हणाले."

"दोनाता, नऊ सकाळी पोर टिकणार नाही! सुई बंद म्हणजे रक्तात विष. मी तुला किती वेळा..."

"सांगितलंत. सुई जन्मभर, हेही तुम्हीच सांगितलंत." तिचा आवाज चिरकला. "जन्मभर! पोर रोज डोळे मिटते ते मला बघवत नाही. हा माणूस म्हणतो, ती बरी होईल. तुम्ही कधी म्हणालात असं?"

माझ्याजवळ खोटं आश्वासन नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "धर्मबाबा आलेत? आई, पाणी दे ना. अजून दे."

ती तहान मी ओळखली. दार ढकलून आत जाऊ लागलो तर शेजारच्या बायका धावून आल्या. "एकट्या बाईच्या घरात घुसता? आपलं गिऱ्हाईक तुटलं म्हणून पोटात दुखतंय होय!" मला अक्षरशः पायऱ्यांवरून उतरवलं. मी चौकीत गेलो. हवालदार टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "आईच ना ती? तिला कुठल्या कलमाखाली धरू? शिवाय माझी सासू रोज तिथंच असते हो."

आमच्या गावात डॉक्टर नव्हता. तालुक्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, त्याला फोन केला तर तो बाळंतपणावर गेलेला. जिकडे जावं तिकडे भिंत.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गाउदेन्त्सिओ झारी घेऊन कोनाड्यातल्या फुलदाण्यांना पाणी घालायला पुतळ्यामागे जायचा, आणि थोड्याच वेळानं पोर्झिया रडायची. त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, झारी भरून ठेवलेली दिसली. घशाला लावायच्या निळ्या औषधाची चिमूट मी तीत टाकली. वाटलं, उद्या रविवार, सगळं गाव जमेल, निळं पाणी दिसेल, की सोंग संपलं.

रविवारी प्रार्थना सुरू असताना पोर्झियाच्या गालावरून निळा थेंब ओघळला.

क्षणभर गाउदेन्त्सिओचंही तोंड उघडं राहिलं. मी ओरडलो, "बघा! तो निळा रंग मी टाकलाय! त्याच्या झारीत!"

पण त्याच वेळी एक बाई किंचाळली, "मारियामातेच्या झग्याचा रंग!" आणि सगळं दफनघर गुडघ्यांवर आलं. गाउदेन्त्सिओ सावरला. "आज स्वर्ग पाझरला, बहिणींनो! आणि हे अविश्वासी गृहस्थ काय म्हणतात? रंग यांनी टाकला! देवानं यांच्याच हातून चमत्कार घडवला आणि यांना पत्ताही नाही!"

"खरंच की!" न्हावी म्हणाला. कोणीतरी माझा हात चुंबला.

माझं डोकं फिरलं. कठडा ओलांडून मी कोनाड्यात चढलो आणि पुतळ्यामागे हात घातला. वजन कमी व्हावं म्हणून जुने मूर्तिकार मूर्तीची पाठ पोखरत. पोर्झियाचं डोकंही मागून असंच पोकळ होतं. त्यात भिजलेला स्पंज कोंबलेला होता. बुबुळाच्या खोलगट खाचेतून बारीक छिद्र आरपार पाडलं होतं आणि स्पंजापासून त्या छिद्रापर्यंत दिव्याची वात घातली होती. दिव्यात तेल जसं वातीतून सरकतं, तसं हे पाणी डोळ्यात येत होतं. बस्स, एवढाच चमत्कार.

मी तो निळा, ठिबकणारा स्पंज उंच धरला. "हे पाहा तुमचे अश्रू!"

लोकांनी पाहिलं. आणि झडप घातली. "अश्रूंचा स्पंज! मला द्या, मला!" त्यांनी तो हिसकून घेतला, फाडला, तुकडे रुमालात बांधले. एक आजोबा तर तुकडा गुडघ्यावर चोळू लागले. मी वर उभा राहून ओरडत होतो आणि माझं ऐकायला कोणी नव्हतं. गाउदेन्त्सिओ तेवढ्यात दानपेटीसकट बाजूच्या दारानं निघून गेला.

फक्त एक बाई स्पंजाकडे धावली नाही. दोनाता कोनाड्यात चढली, माझ्याशेजारी आली आणि तिनं पोर्झियाच्या डोक्यात हात घातला. छिन्नीच्या खुणा चाचपल्या. वात बाहेर ओढली. ती बोटांत धरून बघत राहिली.

"कोम्पारे," ती म्हणाली, "सुई कुठंय?"

आम्ही धावत घरी पोचलो तेव्हा तेक्ला खोल, जड श्वास घेत होती आणि खोलीभर सडत आलेल्या सफरचंदांसारखा वास भरला होता. मी इन्सुलिन टोचलं. या वेळी तिला डोळे मिटावे लागले नाहीत. ते मिटलेलेच होते. पावाच्या भट्टीवाल्याच्या गाडीतून आम्ही तिला जिल्ह्याच्या इस्पितळाकडे नेलं. घाट उतरून गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा श्वास थांबला. दोनातानं भट्टीवाल्याला गाडी थांबवू दिली नाही. "चला," ती म्हणत राहिली, "चला ना, पोचलोच आता."

पुढं ड्यूकांच्या कारभाऱ्यानं दफनघराच्या जाळीच्या दाराला कुलूप लावलं. गाउदेन्त्सिओ सापडला नाही. तरी बसगाड्या येतात. लोक जाळीबाहेर उभे राहतात आणि एकमेकांना सांगतात, एका नास्तिकानं हात लावला म्हणून तिचे अश्रू आटले. खानावळवाला मान डोलावतो.

आणि दर रविवारी दोनाता चर्चच्या पायऱ्यांवर उभी असते. आजारी लेकरू घेतलेली बाई दिसली की तिला अडवते. "डोकं पोकळ आहे तिचं. आत स्पंज होता. मी स्वतः हात घालून पाहिलंय. माझी मुलगी गेली. तुम्ही औषध बंद करू नका." लोक तिच्या खांद्यावर थोपटतात. "बिचारी, पोरीच्या दुःखानं भ्रमिष्ट झाली," म्हणतात आणि जाळीकडे जातात. मी पाहिलंय, ती आवाज चढवत नाही. पुढची बाई आली की पुन्हा पहिल्यापासून सांगते.

माझं म्हणणं ऐकायचं नसेल तर नका ऐकू. पण त्या बाईचं ऐका. प्रार्थना करायची तर करा, पावलाला हात लावायचा तर लावा. मात्र जो तुम्हाला औषध टाकून द्यायला सांगतो, त्याला आधी विचारा, मागच्या बाजूला काय आहे ते दाखव. तो दाखवणार नाही. मग स्वतः चढा, हात घाला आणि बघा. लेकरू अजून श्वास घेतंय तोवर बघा.