हळद पोचली पाहिजे

भर आखाजीच्या दिवशी, दोन गावांच्या बायकांसमोर, माझ्या पोटच्या पोराने मला गिरणेच्या वाळूत पालथं पाडलं. वैऱ्याने कधी पाडलं नाही ते या अभिमनने करून दाखवलं. माझ्या तोंडात वाळू, पदर कुठच्या कुठे, आणि अंगावर हा रेड्यासारखा फौजी पडून हिंदीत ओरडतोय, "नीचे! सब नीचे!"

आधी बार म्हणजे काय ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, या वयात भिकुबाईला वाळूत नाचायला जायचं काय अडलं होतं.

आमचं गाव गिरणेच्या अल्याड, जिच्याशी माझा दरवर्षीचा सामना त्या मंजुळाबाईचं पल्याड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुष लिंबाखाली पत्ते कुटतात. आणि उन्हं कलली की दोन्ही गावच्या बायका कोरड्या नदीत उतरतात. मध्ये पाण्याची बारीक धार. आधी शिव्या चालतात, त्याही अशा की ऐकणाऱ्याच्या कानाला फोड यावेत. मग गोटे. त्याला आमच्याकडे बार म्हणतात.

जुन्या बायका सांगत, फार पूर्वी या धारेच्या पाण्यावरून दोन गावांची खरीच लढाई झाली. कुऱ्हाडी निघाल्या. दोन्ही काठांना एकाच दिवशी चिता पेटल्या. तेव्हा दोन्हीकडच्या बायका वाळूत उतरल्या आणि म्हणाल्या, यापुढे तुमचं भांडण आम्ही भांडू, वर्षातून एक दिवस. तुम्ही काठावर बसा. तेव्हापासून पुरुषाचा पाय बाराच्या वाळूला लागत नाही. आणि कुणाचं रक्त निघालं की कुणीतरी "हळद!" म्हणून ओरडायचं. ओरडलं की दोन्हीकडचे गोटे खाली. जिने मारलं तिने स्वतः धार ओलांडून जायचं, जखमेत हळद भरायची. जिला लागलं तिने मारणारीच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. मात्र रक्त सुकायच्या आत हळद पोचली पाहिजे. नाही पोचली, तर तो खेळ राहत नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण मला विचाराल तर ज्याने हा नियम काढला, नव्हे जिने काढला, तिच्याएवढी अक्कल कुठल्या राजाला नव्हती.

तर ती अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी. अभिमन लंकेतून सुट्टीवर आलेला. तिकडे आपली फौज गेली होती, नाव शांतिसेना आणि हातात बंदुका. मी गावभर सांगत फिरले, रामानंतर लंकेत गेला तो माझा पोरगा. पण घरात आलेला पोरगा वेगळाच. ताट वाजलं की दचके. विचारलं तर म्हणे, "काही नही, माय."

त्या दिवशी माझा गोटा मंजुळाबाईच्या कपाळाला बसला. माझा नेम आहेच तसा, खोटं कशाला बोलू. त्याच वेळी पल्याडून आलेला गोटा काठावरच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर आदळला, ठाण्णकन. आणि पत्ते टाकून, काठ उतरून, हा अभिमन वाऱ्यासारखा आला आणि मला आडवी केली.

आधी दोन्ही काठ हसले. आमच्यातली कौतिकची बायको तर म्हणाली, "अक्का, पोऱ्यानी आखाजीना दंडवत घाला का?"

मग पल्याडचं हसू थांबलं. मंजुळाबाई वाळूत बसली होती, डोळ्यापर्यंत रक्त. हशात "हळद" कुणी ओरडलंच नव्हतं. वर बारात पुरुष उतरलेला. त्यांच्या काठावरून आवाज आला, "त्यास्ना पुरुष उतरना! मंग आम्हीबी उतरतस!" बघता बघता तिकडे काठ्या दिसायला लागल्या. आमचे लिंबाखालचेही उठले.

मी खालून गुरगुरले, "ऊठ रे मुडद्या! हाई बायास्ना खेळ शे!"

तो उठेना. माझ्या डोक्यावर दोन्ही हात धरून पडलेला. अंग असं थरथरत होतं की माझ्या बांगड्या वाजत होत्या.

"अभिमन, हळद म्हन. मना तोंडमा वाळू शे. तुना आवाज मोठा शे, तू म्हन."

तो माझ्या कानाशी बोलला, "तठे कोनी हळद म्हनस नही, माय. रगत निंघस, तरी कोनी थांबस नही."



मग मी त्याला कोपराने ढोसलं, उठून बसले, तोंडातली वाळू थुंकली आणि असं बोंबलले की दोन्ही काठ गप्प झाले. "हळद!"

कमरेची हळदीची पुरचुंडी सोडून मी त्याच्या हातात ठेवली. "बार तू मोडा. आते हळद तू लई जाय."

"मी? पुरुष?"

"पाय तर लागनाच ना तुना वाळूले? चाल."

तो गेला. समोर काठ्या घेऊन माणसं उभी आणि हा बिनकाठीचा, मुठीत एवढीशी पुरचुंडी धरून, धार ओलांडत होता. मी जागची हलले नाही. हलले असते तर त्यांना वाटलं असतं, आई घाबरली.

मंजुळाबाईपुढे तो गुडघ्यावर बसला. जखमेत हळद भरताना अर्धी तिच्या नाकावर सांडली.

"बंदूक धरनारा हात, आनि इतला कापस का रे दादा?" ती म्हणाली. तिने कनवटीचा गूळ काढला आणि त्याच्या तोंडात घातला.

अभिमनने गूळ चावला नाही. तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि तसाच राहिला. मंजुळाबाईने आपलं रक्त न पुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिकडचा काठीवाला म्हातारा भटू सगळ्यात आधी खाली बसला. मग एकेक करून सगळ्या काठ्या खाली गेल्या.

सुट्टी संपली. पाचोऱ्याच्या ठेसनावर मी पोचवायला गेले. त्याने खिडकीचा गज धरला होता. नखांत हळद अजून तशीच, साबणाने गेली नव्हती की त्याने घालवली नव्हती, मी विचारलं नाही. गाडी हलली. मी खिडकी धरून चालू लागले आणि चार लोक बघताहेत याची पर्वा न करता सांगितलं,

"अभिमन, तू मले वाळूमा पाडं, ते मी मरेपर्यंत उकरी उकरी काढसू. पन काठ्यास्ना समोर हळद लई जानारा सारा गिरणाकाठले तू एकलाच शे. तठे कोनी हळद म्हनस नही ना? मंग पहिले तू म्हन. भिकुबाईना पोऱ्या शे तू, तुना आवाज पल्याड पोचस."